ताकतीची गोळी

लवकर पिकणारा हलका धान कापायला आला की आमच्या गावाचा वासच बदलतो. दवनीवाड्याचा रस्ता सोडून गावाकडे वळलं की ओल्या तणसाचा, वाळून तडकलेल्या चिखलाचा आणि ट्रॅक्टरच्या धुराचा मिसळलेला वास नाकात शिरतो. या वासानं बाकीच्यांना दिवाळी आठवते, त्यानंतरच्या मंडईच्या जत्रेला येणारे पाहुणे आठवतात. मला रेवाची नाडी आठवते. यंदा कापणीच्या पहिल्या दिवशी ती माझ्याशेजारी बसून शेंगा फोडत होती आणि माझी दोन बोटं तिच्या मनगटावर कधी जाऊन बसली, मलाच कळलं नाही. तिनं हात ओढून घेतला. "मी बरी आहो न, आई," म्हणाली आणि शेंगांची टरफलं माझ्याच पदरात टाकून पळाली.

रेवा माझी मुलगी. आता दहाची आहे, गेल्या हंगामात नऊची होती. चालत्या मोटरसायकलवरून साप बघायला उडी मारणारी, शाळेत जाताना दप्तर घरी आणि येताना दप्तर शाळेत विसरणारी, बकरीशी बोलता बोलता मधेच आजीशी बोलायला लागणारी. गाव तिला 'भिंगरी' म्हणायचं आणि मी हसायचे. पाहुण्यांसमोर हसायचे, हे सांगायला हवं. घरात मी तिच्यावर किती ओरडायचे ते आमच्या भिंतींना माहीत आहे. मी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर पंचवीस चिल्ल्यापिल्ल्यांशी गोड बोलून बोलून माझा सगळा गोडवा दुपारीच संपतो आणि घरच्या लेकराच्या वाट्याला उरलेली आई येते.

एक दिवस तिची गणिताची वही चाळताना मागच्या पानावर तिच्याच अक्षरात 'मी ढ आहो' असं लिहिलेलं दिसलं. एकदा नाही, पानभर. शिक्षा म्हणून शाळेत लिहायला लावलं असेल असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाली, "कोणी नाही सांगितलं. मीच लिहिलं." पुढे म्हणाली, "आई, माझ्या डोक्यात सगळे एकाच वेळी बोलून राहतात." त्या दिवशी मी हसले नाही. पुढच्याच आठवड्यात तिरोड्याहून गाडी धरून आम्ही नागपूरला गेलो, लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. त्यांनी दोन भेटींत बरंच काही विचारलं, शाळेकडून फॉर्म भरून मागवले, आणि शांतपणे 'एडीएचडी' म्हणून सांगितलं. लक्ष एका जागी न टिकणं, अंगात थांबा नसणं. रेवाचे बाबा, नरेश, वीज प्रकल्पातली रात्रपाळी करून तसेच आले होते. त्यांनी एकच विचारलं, "गोळीनं पोरगी बदलून तं नाही जाणार न?" डॉक्टर म्हणाले, "बदलली तर ती गोळी बरोबर नाही, असं समजायचं. कोणतं औषध आणि किती, हे शोधावं लागतं. वेळ लागेल. बघत राहा आणि मला खरं खरं सांगत राहा."

बघत राहण्याचं काम मी केलं. खरं खरं सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं.

ही गोळी गल्लीबोळात मिळत नाही. गोंदियात तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी दोनदा वाचली, मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ये दवा हम नहीं रखते, मॅडम. इसका रजिस्टर अलग रहता है. बच्ची के लिए है क्या?" त्या 'बच्ची के लिए'मध्ये एवढं काही होतं की मी चिठ्ठी घडी करून ब्लाउजात ठेवली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. शेवटी गोळी नागपूरहूनच आणली. येताना गाडीत मी ठरवलं, गावात कुणाला कळता कामा नये. मुलीची जात. उद्या पोरीला 'डोक्याची गोळी' चालू होती एवढं एकानं जरी लक्षात ठेवलं तरी ते तिच्या लग्नापर्यंत पुरेल.

म्हणून सासूबाईंनी डबीकडे बोट दाखवून "हे कायची वं?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ताकतीची."

ही माझ्या धंद्यातली भाषा. गावातल्या बायांना लोहाची गोळी 'औषध' म्हणून दिली तर घेत नाहीत. म्हणतात, आम्हाले काय झालं? 'ताकतीची गोळी' म्हटलं की पदराला बांधून नेतात. बारा वर्षं मी हेच सांगत आले आहे. ताकतीची हाय, चुकवू नका, कापणीच्या दिवसांत तर मुळीच चुकवू नका. इतक्या वेळा म्हटलं की ते खोटं बोलणं आहे असं मला वाटेनासंच झालं होतं.

पहिली मात्रा लहान होती. पंधरा दिवस काहीच फरक नाही. तेव्हा लाखोळी फेकायचे दिवस होते. उभ्या धानात ओल असतानाच या कडधान्याचं बी टाकतात. रेवा आजोबांच्या मागं ओंजळ भरून गेली आणि अर्धं बी धानाच्या बांधीत, अर्धं रस्त्यावर फेकून आली. डॉक्टरांनी फोनवर मात्रा वाढवली. आणि चौथ्या दिवशी आमच्या घरात एक शांतता आली. अशी शांतता मी या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती.

रेवा सकाळी उठायची, दप्तर भरायची, शाळेत जायची, यायची, बसायची. गणितं सुटायला लागली, पूर्ण सुटायला लागली. मास्तर स्वतः अंगणवाडीच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, पोरगी एकदम शहाणी झाली हो. काय जादू केली?" मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगला छातीभर आनंद झाला. संध्याकाळी घरी येऊन बघते तर रेवा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, नखाजवळची कातडी ओढत, बोटाला रक्त. समोर पोपटांचा थवा लोंब्यांवर उतरला होता. हाकलायला शेजारची सगळी पोरं डबे वाजवत पळत होती. ही डोळे उघडे ठेवून बघत होती. "जात नाही का गं?" म्हटलं. "कंटाळा आला," म्हणाली. रेवाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आणि ती जेवेना. सकाळची भाकर कशीबशी, दुपारचा डबा जसाच्या तसा परत. महिन्यातून एकदा मी गावभरच्या लेकरांना काट्यावर उभं करते आणि वजन घसरलं की त्यांच्या आयांची हजेरी घेते. एका दुपारी सगळी लेकरं गेल्यावर मी रेवाला त्याच काट्यावर उभं केलं. दीड किलो कमी. मी काटा शून्यावर आणून पुन्हा उभं केलं. तेवढंच. दुसऱ्या कुणाच्या आईला मी काय काय बोलले असते, ते सगळं मला तोंडपाठ होतं.

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. चाचणी परीक्षा जवळ आली होती, मास्तर खूश होते, घरात आरडाओरडा नव्हता. मनाशी म्हटलं, परीक्षा होऊ दे.

आमच्याकडे नवं खाण्याचा दिवस असतो. पहिला धान चुरून, म्हणजे मळून, घरात आला की त्याचा भात शिजतो, देवापुढे पान जातं आणि मग सगळं घर एकत्र जेवतं. शेतात कापणीला असलेल्या बायाही त्या दिवशी आमच्याच पंगतीला. त्या दिवशी ताटात काही टाकायचं नाही, असा सासूबाईंचा नियम. नव्या भाताला नाही म्हटलं की तो पुढच्या वर्षी रुसतो, असं त्या म्हणतात आणि हसत म्हणत नाहीत.

खळ्यावरच पंगत बसली होती. नवा भात, बरबटीची भाजी, वडे, खीर. रेवानं एक घास घेतला, तोंडात तसाच धरून ठेवला आणि मग हळूच पानाच्या कडेला काढून ठेवला. मी न बघितल्यासारखं केलं. सासूबाईंनी बघितलं. मी वाढण्यात गुंतले.

उन्हं कलायला लागली तेव्हा रेवा माझ्याकडे आली. गाल लाल, ओठ कोरडे, हाताची बोटं थरथरत होती. "आई, माझ्या छातीत कोणीतरी पळून राहिलं," म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या छातीवर हात ठेवला. फ्रॉकवरून धडधड हाताला लागत होती.

"काय खाल्लं तू?"

ती आजीकडे बघायला लागली. सासूबाई सहजपणे म्हणाल्या, "अवं, जेवलीच नाही पोरगी. नवं तसंच ठेवलं पानात. म्हणून थे तुई ताकतीची गोळी देल्ली. एकीनं काय होते, दोन देल्ल्या."

सकाळची एक तिच्या पोटात होतीच.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ओरडले एवढं आठवतं, कारण चुरणं थांबलं आणि सगळ्या बाया आमच्याकडे वळल्या. नरेशनी मोटरसायकल काढली. मी डॉक्टरांना फोन लावत होते आणि खळ्यावर रेंज येईना. रेवाला उचलून शेताच्या धुऱ्यावरून पळत पाण्याच्या टाकीपाशी गेले, तिथं लागला. डॉक्टरांनी किती, कधी, एवढंच आधी विचारलं. मग म्हणाले, "घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि आकडा मला सांगा." मोजून सांगितला. ते म्हणाले, "सावलीत बसवा, पाणी पाजा, दर पंधरा मिनिटांनी मोजा. गाडी तयार ठेवा. छाती दुखते म्हणाली, चक्कर आली, आकडा वाढला, तर विचार करत बसू नका, थेट गोंदियाचं हॉस्पिटल. आणि तिच्यावर कुणी ओरडू नका."

त्या दोन-अडीच तासांबद्दल फार लिहिता येत नाही. तणसाच्या ढिगाच्या सावलीत रेवा माझ्या मांडीवर. ती सारखी बोलत होती. आकाशाबद्दल, बैलाच्या शिंगाबद्दल, मास्तरांच्या चपलेबद्दल. आणि मी मोजत होते. मधेच ती विचारायची, "आई, किती झाले?" आणि माझा आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. नरेश गाडीची किल्ली मुठीत धरून उभे होते. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा आकडा चढलेला होता. नरेशनी गाडीला किक मारली. मी म्हटलं थांबा, आणि पुन्हा मोजलं, कारण मघाशी ती हसली होती आणि माझं बोट सरकलं होतं. खरंच सरकलं होतं की मला तसं हवं होतं, कुणास ठाऊक. या वेळी आकडा खाली आला. गाडी बंद केली. त्यानंतर तो दर वेळी थोडा थोडा उतरत गेला. सूर्य टेकायला आला तेव्हा रेवानं पाणी मागून घेतलं आणि टाकीपाशी जाऊन लावलेल्या फोनवर डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. आता घरी न्या."

सासूबाई तेवढा सगळा वेळ चार हातांवर उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "कायची गोळी होती थे?"

सगळ्या बाया ऐकत होत्या. मी सांगितलं. त्यांच्यासमोरच सांगितलं.

"मले खरं सांगतलं असतंस तं म्या त्या डबीले हात तरी लावला असता काय?" त्या म्हणाल्या. "तूच तं साऱ्या गावाले सांगते, ताकतीची गोळी चुकवू नका. मी तुयावर भरोसा ठेवला, पोरी."

चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बाया धान उचलायला लागल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी माझ्या हातच्या गोळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी ट्रंकेत टाकून कुलूप घातलं. डॉक्टरांनी दोन दिवस थांबून या म्हणून सांगितलं होतं, मी पाच दिवस लांबवले. आता नकोच, असं मनात होतं. त्या पाच दिवसांत रेवा पुन्हा जेवायला लागली, पोपट हाकलायला लागली. मला वाटलं, झालं, मिळाली माझी पोर परत. पाचव्या दिवशी ती चुरण्याच्या मशीनखाली गेलेलं कोंबडीचं पिल्लू काढायला वाकली. पट्टा फिरत होता. मशीनवरच्या माणसानं तिला वेणीला धरून मागं ओढलं. तिच्या रिबिनीचं टोक पट्ट्यात गेलं ते गेलंच. संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर पुन्हा तेच वाक्य सुरू झालेलं होतं.

गोळी दिली तरी भीती आणि नाही दिली तरी भीती. त्या दिवसांत मला कुणीतरी येऊन 'असं कर' म्हणायला हवं होतं. माझ्यापाशी येऊन बसल्या त्या सासूबाई. आठ दिवसांत धड बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तिच्या गोळीचं नाव काय हाय?" सांगितलं. अवघड नाव. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं, तीनही वेळा वेगळं. "मी साखरेची गोळी खातो का नाही? बारा वर्षं झाली. मले कोणी लपवून देल्ली काय? मले माहीत हाय कायची हाय थे, म्हणून मी एक खातो, दोन नाही खात." मग म्हणाल्या, "जाय नागपूरले. म्या घर सांभाळतो."

नागपूरला या वेळी मी सगळं सांगितलं. वजन, कंटाळा, नखं, परीक्षेसाठी दाबून ठेवलेला फोन, दोन जादा गोळ्या, मशीनचा पट्टा. डॉक्टरांनी मला रागावलं नाही, लिहून घेतलं. मग खुर्ची रेवाकडे वळवली. इतक्या दिवसांत तिला कुणीच विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"रेवा, तुला गोळी घेतल्यावर बरं वाटतं की न घेतल्यावर?"

तिनं बराच विचार केला. पाय हलवत. "घेतली की गणित येते," म्हणाली. "पण मग मला खेळावं नाही वाटत."

"मग घ्यावीशी वाटते का?"

"हो."

"का गं? गणितासाठी?"

"नाही," रेवा म्हणाली. "गोळी खाल्ली की आई ओरडत नाही."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. भात खाल्ला की भूक जाते, तसं सांगितलं. नरेश खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मी आजवर मात्रा कशावरून मोजत होते, ते मला त्या खोलीत कळलं. मास्तरांच्या शाबासकीवरून आणि घरातल्या शांततेवरून. पोरगी गप्प झाली की मी म्हणत होते, लागू पडली.

औषध बदललं. दुसरं, सावकाश चढणारं, कमी मात्रेचं, पोटभर न्याहारीनंतर. पहिले आठ दिवस मळमळ. मग वेळ बदलली. मग पुन्हा थोडी मात्रा बदलली. तोवर उशिराचा भारी धानही निघाला, मंडई होऊन गेली, दिवाळीला आलेले पाहुणे परत गेले. मी रोज लिहून ठेवत होते. काय खाल्लं, किती झोपली, किती वेळा हसली. मात्रा बरोबर बसली असं मला वाटलं ते एका साध्या संध्याकाळी. गणित सोडवता सोडवता ती उठून खळ्यावर उतरलेले पोपट हाकलायला गेली, घसा बसेपर्यंत ओरडली आणि परत येऊन त्याच गणिताला बसली. वजन हळूहळू भरलं. आता उंची वाढते आहे, मात्रा पुन्हा बघावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. या शोधाला शेवटचं स्टेशन नाही, हे मी मान्य करून टाकलं आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे. दोन-चार दिवस बोलले, मग कापणीत विसरले. बायांना मी आता लोहाची गोळी लोहाची म्हणूनच देते. घेणाऱ्या घेतात, काही जणी नाही घेत, त्यांच्या घरी पुन्हा जावं लागतं.

काल सकाळी अंगणात बियाण्याचा धान वाळत घातला होता. पुढच्या वर्षीच्या पेरणीचा, निवडून वेगळा काढलेला. रेवा बाहेर गेली ती फाटक सताड उघडं टाकून. मी मागच्या दारी होते. येऊन बघते तर शेजारच्या दोन गाई मधोमध उभ्या राहून खात होत्या आणि उरलेलं पायाखाली. मी गाई हाकलल्या आणि रेवाला हाक मारली. ती आल्यावर जे तोंड सोडलं ते सोडलंच. गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची, सगळी फाटकं मी तिच्यासमोर मांडली.

ती ऐकत उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काळजी आली. स्वतःच्या आठवणीवर भरवसा नसलेल्या माणसासारखं तिनं विचारलं, "आई, आज मी गोळी नाही खाल्ली काय?"

खाल्ली होती. न्याहारीनंतर मीच दिली होती.

"खाल्ली, बेटा," मी म्हणाले. "तुझी गोळी बरोबर आहे."

"मग तू काऊन ओरडून राहिली?"

मी पायरीवर बसले. खरं तेच सांगितलं. "मला सवय आहे ओरडायची. राग आला की मला थांबता येत नाही. त्यात तुझं काही नाही."

रेवानं हे मनापासून ऐकून घेतलं. माझ्याशेजारी येऊन बसली, जरा वेळ पाय हलवले आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मग तुले नेऊ काय नागपूरले? ते डॉक्टर रागवत नाही. फक्त विचारते."

थट्टा करत नव्हती ती.

"नेजो," मी म्हणाले.